लिनक्स किती येतं, ते एंटर दाबण्याआधी कळतं

आलेला प्रश्न थोडक्यात असा. राहायला डोंबिवली, नोकरी ऐरोलीच्या एका डेटा सेंटरमध्ये, शिफ्टमध्ये सपोर्टचं काम. रोज लिनक्स सर्व्हरवर लॉगिन, लॉग (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइली) बघणं, सर्व्हिस रीस्टार्ट, डिस्क भरली की साफसफाई. अंधेरीतल्या एका मुलाखतीत विचारलं गेलं, "कमांड लाइनमध्ये स्वतःला दहापैकी किती द्याल?" उत्तर दिलं, सात. लगेच पुढचा प्रश्न आला, "सूडो लावून एको केलं, तरी ईटीसीतल्या फाइलमध्ये ओळ जात नाही, परमिशन डिनाइड येतं. का?" तिथे गाडी अडली. (सूडो म्हणजे एखादी कमांड मुख्य ॲडमिनच्या, म्हणजे रूटच्या, अधिकाराने चालवणं; एको दिलेला मजकूर छापतं; ईटीसी ही सेटिंगच्या फाइलींची डिरेक्टरी.) आता विचारणं असं की माझी खरी पातळी कोणती, बायोडेटात 'ॲडव्हान्स्ड' लिहू का, आणि आरएचसीएसए (रेड हॅटचं लिनक्स ॲडमिनचं सर्टिफिकेट) करून काही फरक पडेल का.

आधी सरळ उत्तर. 'ॲडव्हान्स्ड' लिहू नका. तुम्ही जे काम सांगितलंत त्यावरून तुम्ही मधल्या पातळीवर आहात, आणि त्या पातळीच्या अलीकडच्या टोकाला. यात कमीपणा काही नाही. ही मधली पातळी भलतीच रुंद असते, दहा-दहा वर्षं लिनक्सवर काढलेली माणसंही तिथेच सापडतात, आणि त्यांच्या भरवशावर मोठमोठी दुकानं चालतात. बायोडेटात पातळीचा शब्दच गाळा आणि काम लिहा: 'लॉग छाटून रोजचा अहवाल मेल करणारी बॅश स्क्रिप्ट लिहिली, ती क्रॉनवर चालते' (बॅश म्हणजे टाइप केलेल्या कमांड वाचून चालवणारं एक शेल, क्रॉन म्हणजे ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) या ओळीतून मुलाखत घेणाऱ्याला जे कळतं ते 'ॲडव्हान्स्ड'मधून कळत नाही. उलट 'ॲडव्हान्स्ड' दिसलं की समोरच्याला चेव येतो. मला तरी येतो.

दहापैकी आकडा देण्यातली गोची अशी की दहा म्हणजे काय ते कोणीच ठरवलेलं नसतं. ज्याने एलएस, सीडी, ग्रेप आणि टॉप या सुरुवातीच्या कमांड, एवढंच पाहिलंय त्याला दहा हाकेच्या अंतरावर दिसतो. मग शेलचे नियम, प्रोसेस (चालू प्रोग्रॅम), सिग्नल (प्रोसेसला दिलेली सूचना), फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) कळायला लागतात तसा तो दहा लांब लांब पळतो. म्हणून नवखा बिनधास्त आठ म्हणतो आणि मुरलेला माणूस सहावर अडखळतो. तुमच्या सातचा अर्थ तुम्हाला एक आणि ऐकणाऱ्याला दुसराच होता, एवढंच झालं.

मग मोजायचं कशाने? किती कमांड पाठ आहेत यावरून तर अजिबात नाही. मध्य रेल्वेची सगळी स्टेशनं ओळीने म्हणून दाखवणारा वेगळा, आणि मेगाब्लॉकच्या रविवारी कुर्ल्याला अडकल्यावर घरी वेळेत पोचणारा वेगळा. टायपिंगचा वेग, काळी स्क्रीन, माउस न वापरण्याचा ताठा, व्हीआयएम की नॅनो हा एडिटरांचा वाद, यांचाही पातळीशी संबंध नाही. वर्षांचाही फारसा नाही; एकच रनबुक (कामाच्या ठरलेल्या पायऱ्यांची यादी) पाच वर्षं चालवलेल्याला पहिल्या वर्षाचाच अनुभव पाच वेळा मिळालेला असतो.

मी वापरतो ती कसोटी एकच आहे. कमांड लिहून झाली, बोट एंटरवर आहे. आता काय होणार, कुठली फाइल बदलणार, स्क्रीनवर साधारण काय उमटणार, आणि बिघडलं तर कशामुळे बिघडेल, हे तुम्हाला दाबण्याआधी सांगता येतं का? ज्या कामात हे दहातल्या नऊ वेळा बरोबर येतं, त्या कामापुरते तुम्ही पक्के. जिथे 'चालवून बघू' अशी सवय आहे तिथे कच्चे, मग ती कमांड रोज का चालवत असाल.

तुम्हाला विचारलेला सूडोचा प्रश्न याच कसोटीचा आहे. 'सूडो एको ओळ > फाइल' असं लिहिलं की ही ओळ सर्वात आधी शेल वाचतं. त्याला '>' दिसतं, आणि ती फाइल लिहिण्यासाठी उघडायला शेल स्वतः जातं. हे शेल तुमच्या साध्या युजरच्या नावावर चाललेलं आहे. सूडो अजून सुरूच झालेलं नाही. म्हणजे परवानगी नाकारली गेली ती शेलला; बिचाऱ्या एकोला रूटचे अधिकार मिळून उपयोग काय, फाइल उघडणं त्याच्या हातात नव्हतंच. म्हणून लोक 'एको ओळ | सूडो टी -ए फाइल' असं करतात. इथे '|' म्हणजे पाइप, तो एकोचा मजकूर टीला देतो; फाइल उघडण्याचं काम टी करतं, आणि टी सूडोखाली चाललेलं असतं. त्यातला '-ए' (शेवटी जोडा) विसरलात तर फाइलमधलं आधीचं सगळं पुसलं जातं, हेही एंटरच्या आधीच सुचायला हवं.

एकदा हे डोक्यात बसलं की पुढचे कितीतरी प्रश्न त्याच किल्लीने उघडतात. 'सॉर्ट यादी > यादी' केलं तर काय होईल? अनेक जण म्हणतात, यादी क्रमवार लागेल. प्रत्यक्षात यादी रिकामी होते. शेलने '>' पाहून यादी आधीच शून्यावर आणली, मग सॉर्ट वाचायला गेलं तेव्हा आत काहीच नव्हतं. सॉर्टला स्वतःचा '-ओ' पर्याय आहे तो याचसाठी: तो सगळं वाचून झाल्यावरच लिहायला घेतो, त्यामुळे त्याच फाइलवर चालतो.

किंवा हे घ्या. 'फाइंड . -नेम *.लॉग' ही कमांड काल चालत होती, आज एरर देते. बदललं काय? ताऱ्याभोवती अवतरणचिन्हं नाहीत, त्यामुळे तारा फाइंडपर्यंत पोचतच नाही. शेल त्याच्या जागी चालू डिरेक्टरीतल्या लॉग फाइलींची नावं घालून मोकळं होतं. काल तुम्ही उभे होतात त्या डिरेक्टरीत एकही लॉग नव्हता म्हणून तारा जसाच्या तसा पुढे गेला. एक लॉग असता तर फाइंडने फक्त त्याच नावाची फाइल शोधली असती, आणि हा प्रकार सर्वात वाईट, कारण एरर येत नाही, निकाल मात्र चुकीचा. आज दोन-तीन लॉग आहेत म्हणून एरर आली. ज्याला हे तिन्ही प्रकार आधी सांगता येतात त्याने 'शेल आधी, कमांड नंतर' हा क्रम पचवलाय असं मी समजतो. माझ्या लेखी मधल्या पातळीची अलीकडची बाजू आणि पलीकडची बाजू यांच्यातली रेघ इथेच आहे.

पाइपचंही तसंच. एका कमांडचं आउटपुट दुसरीला देणारा हा पाइप, लिनक्स ज्यावर बेतलं त्या युनिक्समध्ये आला १९७३ साली, बेल लॅब्स या अमेरिकी प्रयोगशाळेत. कल्पना डग मॅकिलरॉय यांची, प्रत्यक्षात आणला केन थॉम्पसन यांनी. पन्नास वर्षं तो तसाच आहे, तरी बऱ्याच जणांच्या मनात चित्र असं असतं की डावीकडची कमांड संपली की उजवीकडची सुरू होते. खरं म्हणजे सगळ्या एकदमच सुरू होतात. 'येस' ही कमांड न थांबता वाय-वाय छापत राहते. तर मग 'येस | हेड -३' कधी संपेल की नाही? लगेच संपतं. हेड तीन ओळी घेऊन निघून जातं, पाइपचं दुसरं तोंड बंद होतं, आणि येसने पुढची ओळ लिहायचा प्रयत्न केला की त्याला सिग्नल येऊन तो मरतो.

हे कोडं वाटेल, पण पाइपचा एक भाग गपचूप मेला तर काय होतं, हा प्रश्न पगाराशी जोडलेला आहे. डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची प्रत) काढून पाइपने जीझिपला (फाइल आवळणाऱ्या कमांडला) देणारी बॅकअप स्क्रिप्ट घ्या. पासवर्ड बदलला, डंप पहिल्याच क्षणी फसला. पण पाइपलाइनचा एक्झिट स्टेटस (काम जमलं की फसलं ते सांगणारा आकडा) हा शेवटच्या कमांडचा असतो, आणि जीझिपचं काही बिघडलेलं नाही. त्याने रिकामा मजकूर इमानदारीने आवळून ठेवला. स्टेटस शून्य, म्हणजे यशस्वी. डॅशबोर्ड हिरवा. बॅकअपच्या फोल्डरमध्ये रोज एक फाइल येतेय, प्रत्येकी २० बाइटची. पाइपमधली कोणतीही कमांड फसली तरी अपयश दाखवणारा पाइपफेल नावाचा पर्याय बॅशमध्ये यासाठीच आहे. तुमच्या टीममध्ये बॅकअप स्क्रिप्ट असेल तर उद्याच्या शिफ्टला जाऊन बघा तो लावलाय का. आणि फाइलींचा आकारही बघा.

एक्झिट स्टेटस वाचता येणं ही स्वतंत्र खूण आहे. १२७ म्हणजे कमांड सापडली नाही, १२६ म्हणजे सापडली पण चालवता आली नाही, १३० म्हणजे कोणीतरी कंट्रोल-सी दाबलं. १३७ दिसला की १२८ वजा करा, उरतो ९, म्हणजे प्रोसेसला सिग्नल ९ देऊन ठार केलं. मग कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये मेमरी संपल्याची नोंद आहे का ते बघायचं. हे आकडे पाठ करायची गरज नाही, वजाबाकी करायची सवय हवी.

आता दुसऱ्या बाजूने बघू. बिघाड झाल्यावर माणूस काय करतो यावरून मला त्याची पातळी बहुधा पाचेक मिनिटांत कळते, आणि त्यासाठी तुमच्या रोजच्याच कामातला प्रसंग मी घेतो: रात्री अलर्ट आलाय, लॉग राहतात ती व्हार ही डिस्क शंभर टक्के भरलीय. काय कराल?

पहिलं उत्तर बहुतेक वेळा येतं ते असं, जुने लॉग शोधून उडवू. ठीक. कोणते जुने, कसे शोधणार? इथे काही जण पाठ केलेली फाइंडची ओळ म्हणतात, त्यात शेवटी '-डिलीट' असतं. मी विचारतो, हेच '-डिलीट' '-नेम'च्या अटीआधी लिहिलं तर? फाइंड अटी डावीकडून उजवीकडे तपासत जातं. डिलीट आधी आलं तर नाव बघायच्या आधीच सगळं साफ. ज्याला हे माहीत आहे तो आधी नुसती यादी छापून बघतो, डोळ्यांखालून घालतो, मग शेवटी डिलीट जोडतो. ही भीती नव्हे, कसब आहे.

बरं, दोन डझन गिगाबाइटची एक लॉग फाइल सापडली, उडवली. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) अजून शंभर टक्केच दाखवतंय. आता? इथे खोलीत शांतता पसरते, किंवा 'सर्व्हर रीबूट करू' येतं. फाइलींचा आकार मोजणाऱ्या डीयूने बेरीज केली तर फाइली डिस्कच्या निम्म्याही भरत नाहीत, डीएफ मात्र भरलेली म्हणतंय. दोघांपैकी खोटं कोणी बोलत नाही. आरएम (फाइल उडवणारी कमांड) फाइलचं नाव काढतं. ज्या प्रोसेसने ती फाइल उघडून ठेवलीय ती अजून लिहितेच आहे, आणि जोवर ती हात सोडत नाही तोवर कर्नल जागा परत करत नाही. डीयू नावं धरून मोजतं, त्याला ती फाइल दिसत नाही. डीएफ फाइल सिस्टिमला विचारतं, तिला दिसते. उघड्या फाइली दाखवणाऱ्या एलएसओएफला '+एल१' दिलं की अशा नाव गेलेल्या पण उघड्या फाइलींची यादी मिळते. मग ती सर्व्हिस रीस्टार्ट करा, किंवा रीस्टार्ट शक्य नसेल तर प्रॉक या डिरेक्टरीखालच्या, त्या प्रोसेसच्या उघड्या फाइली दाखवणाऱ्या एफडी डिरेक्टरीतून फाइल शून्यावर आणा. मुळात चालू प्रोसेसची लॉग फाइल आरएम न करता रिकामी केली असती तर हा खेळच झाला नसता.

हे ज्याने सांगितलं त्याला मी आणखी एक वळण देतो: डीएफ म्हणतंय चाळीस टक्के जागा मोकळी आहे, तरी नवी फाइल तयार होत नाही, एरर 'डिस्कवर जागा नाही' हीच. याचं उत्तर बहुधा आयनोड (प्रत्येक फाइलला लागणारी नोंद) संपण्यात असतं. एखाद्या ॲप्लिकेशनने लाखो चिमुकल्या सेशन फाइली टाकून ठेवलेल्या असतात. 'डीएफ -आय' मारलं की दिसतं. ते माहीत नसेल तरी चालेल. पण 'जागा दोन प्रकारची असू शकते का?' असा प्रश्न उमेदवाराने स्वतःहून विचारला, तर मी त्याला माहिती असलेल्यापेक्षा वर धरतो. आणि सर्वात वरचा माणूस हे सगळं निस्तरून झाल्यावर विचारतो की लॉग एवढा फुगला का, जुने लॉग आपोआप हटवणारं लॉगरोटेट चाललं नव्हतं का, नसेल तर कधीपासून. तुम्ही या गोष्टीत कुठपर्यंत आला असतात ते प्रामाणिकपणे स्वतःशी ठरवा. मला कळवायची गरज नाही.

आपल्याकडच्या माणसासाठी एक खास चाचणी आहे, ती परदेशी पुस्तकांत सहसा मिळत नाही. प्रिंटएफने 'मुंबई' छापा आणि पाइपने मोजणी करणाऱ्या डब्ल्यूसीला द्या. '-सी' (बाइट मोजा) दिलं तर किती येईल, '-एम' (कॅरेक्टर मोजा) दिलं तर किती? डोळ्यांना अक्षरं दिसतात तीन: मुं, ब, ई. पण युनिकोडच्या हिशेबात म, उकार, अनुस्वार, ब आणि ई असे पाच कॅरेक्टर होतात, आणि ते साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक कॅरेक्टर तीन बाइटचा. म्हणून '-सी' १५ सांगतं आणि '-एम' ५. प्रिंटएफऐवजी एको वापरलं असतं तर ओळ संपवणारा एक बाइट वाढून १६ आणि ६ आले असते. लोकेल (भाषेची सेटिंग) सी ठेवून तीच कमांड चालवली तर '-एम'सुद्धा १५ म्हणतं. महापालिकेच्या, बँकेच्या, सोसायटीच्या मराठी नावांच्या याद्या ज्याच्या हातून जातात त्याला हे ठाऊक नसेल तर कधी ना कधी नाव मधेच कापलं जाऊन अर्धा उकार लोंबकळताना दिसणार. हे गणित एंटरआधी करता आलं तर स्वतःची पाठ थोपटायला हरकत नाही.

घड्याळाचंही असंच. क्रॉनमध्ये रात्री एकची वेळ टाकलीय, जॉब मात्र सकाळी साडेसहाला सुरू होतो, आणि पहिल्या शिफ्टचे लोक यायला लागतात तेव्हा डेटाबेस रडायला लागतो. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) आहे, आपण साडेपाच तास पुढे. क्रॉनची दुसरी नेहमीची खोड म्हणजे हाताने चालणारी स्क्रिप्ट तिथे चालत नाही, कारण क्रॉनला तुमचा पाथ (कमांड कुठे शोधायच्या त्याची यादी) मिळत नाही, अगदी तुटपुंजा मिळतो. तिसरी खोड टक्केवारीच्या चिन्हाची: क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या) ओळीत ते नवी ओळ मानलं जातं, त्यामुळे तारखेसह फाइलचं नाव बनवणारी कमांड अर्ध्यात तुटते. तिन्ही गोष्टी मॅन पानात, म्हणजे यंत्रातच असलेल्या माहितीपानात, छापलेल्या आहेत. फक्त 'मॅन क्रॉनटॅब' केलं तर कमांडचं पान उघडतं. फाइलच्या मांडणीचं पान हवं असेल तर 'मॅन ५ क्रॉनटॅब' लागतं. मॅन पानांचे विभाग असतात हे ज्याला माहीत आहे तो गुगलशिवाय जगू शकतो. तळघरातल्या सर्व्हर रूममध्ये, इंटरनेट नसलेल्या मशिनसमोर उभं राहिल्यावर याची किंमत कळते.

एका यंत्रावर शिकलेलं दुसऱ्यावर चालेलच असं नाही, हेही पातळीत धरा. 'सेड -आय' (फाइलमध्ये जागच्या जागी बदल) लिनक्सवर मुकाट चालतं, मॅकवर त्याच ओळीला एरर येते, कारण तिथलं सेड बीएसडी या युनिक्सच्या वेगळ्या घराण्यातलं आहे आणि '-आय'नंतर बॅकअपचं शेपूट मागतं, रिकामं का होईना. डेबियन आणि उबंटू या लिनक्सवर 'एसएच' म्हणजे बॅश नसून डॅश हे छोटं शेल आहे. दोन चौकटी कंसांची अट तिथे चालत नाही. विंडोजवर लिहून आणलेली स्क्रिप्ट 'बॅड इंटरप्रिटर' म्हणून थांबली तर ओळींच्या शेवटी लपलेलं कॅरेज रिटर्न शोधायचं. यावर जास्त लिहीत नाही, एकदा चटका बसला की कायमचं लक्षात राहतं.

शेल कधी सोडायचं हे कळणं ही वरच्या पातळीची खूण आहे, आणि याबाबत माझं मत जरा टोकाचं आहे. स्वल्पविरामाने तोडलेल्या सीएसव्ही फाइलवर लोक सर्रास रकाने तोडणारी ऑक ही कमांड चालवतात. सोसायटीच्या मेंटेनन्सची यादी असेल आणि कोणीतरी पत्ता 'ब विंग, तिसरा मजला' असा अवतरणात लिहिला असेल, तर स्वल्पविरामावर तोडणारं ऑक रकाने सरकवून टाकतं आणि थकबाकी भलत्याच्याच नावावर जाते. अशा वेळी ऑकची ओळ आणखी वाकडी करत बसणारा माणूस हुशार असतो. पायथनचं सीएसव्ही मॉड्यूल उघडणारा अनुभवी. बॅश स्क्रिप्टमध्ये दुहेरी लूप, ॲरे आणि तारखांची वजाबाकी एकत्र यायला लागली की मी हात काढून घेतो.

आता एआयचा मुद्दा, कारण तो तुम्ही विचारला नसलात तरी पुढच्या मुलाखतीत येणार. चॅटबॉट आज बरी कमांड लिहून देतो. पण एंटर तुम्ही दाबणार, आणि प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर) काही उडालं तर कॉलवर तुमचं नाव घेतलं जाणार. म्हणजे आता लिहिण्यापेक्षा वाचण्याचा कस जास्त लागतो. त्याने दिलेल्या ओळीतला एकेक पर्याय कशासाठी आहे, व्हेरिएबलभोवती अवतरणं आहेत का, व्हेरिएबल रिकामं निघालं तर न विचारता सगळं उडवणारं 'आरएम -आरएफ' कुठल्या डिरेक्टरीवर जाऊन बसेल, हे सांगता येत असेल तर खुशाल वापरा. नसेल सांगता येत तर तुम्ही अनोळखी माणसाच्या हातात रूटचा पासवर्ड दिलाय.

स्वतःला मोजायला बसायचं असेल तर पहिली गोष्ट स्वतःची हिस्टरी (आजवर टाइप केलेल्या कमांडची यादी) बघा. हिस्टरी पाइपने ऑकला देऊन दुसरा रकाना काढा, मग सॉर्ट, मग 'युनिक -सी', मग 'सॉर्ट -आरएन', मग हेड. तुम्ही कोणत्या कमांड सर्वात जास्त वापरता ते समोर येईल. बहुतेकांची खरी दुनिया अशा दहा-बारा कमांडमध्ये मावते. पण त्याआधी ही ओळच वाचून दाखवा. सॉर्ट दोनदा का? कारण युनिकला फक्त लागून असलेल्या सारख्या ओळी दिसतात, म्हणून आधी एकत्र आणायच्या. दुसरा सॉर्ट मोजणीवर. कोणाच्या हिस्टरीत तारीख-वेळ छापायची सोय लावलेली असेल तर दुसऱ्या रकान्यात कमांडऐवजी तारीखच येईल, हे सुचलं का? सुचलं असेल तर तुमचं सात तितकंसं फेकलेलं नव्हतं.

मग आठवडाभर एक वही ठेवा. जी कमांड पूर्णपणे हातची नाही, तिच्यासमोर एंटरआधी एक ओळ लिहा: काय होईल असं वाटतं. नंतर काय झालं ते लिहा. जिथे दोन्ही ओळी जुळल्या नाहीत, तेवढाच तुमचा अभ्यासक्रम. वही म्हटल्यावर लोक हसतात. पण 'मला माहीत होतंच' ही थाप आपण स्वतःला फार सफाईने मारतो आणि कागदावर लिहिलेलं असलं की मारता येत नाही.

आरएचसीएसएबद्दल. ती परीक्षा पर्याय निवडण्याची नाही, प्रत्यक्ष मशिनवर काम करून दाखवायचं असतं, आणि केलेलं काम रीबूटनंतरही टिकलेलं लागतं. ही अट मला फार आवडते, कारण नोकरीतही तेच अपेक्षित असतं. युजर, परवानग्या, स्टोरेज, एसईलिनक्स (सुरक्षेचे जादा नियम), सर्व्हिसेस यांत तुमचे कच्चे कोपरे उघडे पडतील. एचआरची चाळणी ओलांडायला सर्टिफिकेटचा उपयोग होतो, आमच्यासारख्यांच्या पुढच्या प्रश्नाला होत नाही. शेलच्या स्वभावाबद्दल वर जे लिहिलं ते त्या तयारीतून थोडंच येतं. पैसे भरण्याआधी पाया घट्ट करायचा असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स आणि बॅशचे धडे फुकट आहेत, मराठीतही आहेत, आणि ठाणे-वाशी लोकलमध्ये उभ्या-उभ्या ऐकता येतात. मात्र ऐकून झालं की त्याच दिवशी हाताने करून बघायचं.

त्यासाठी ऑफिसचा सर्व्हर वापरू नका. लॅमिंग्टन रोडवरून जुना लॅपटॉप आणा, किंवा आहे त्याच लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशिन उभं करा, स्नॅपशॉट (जिथे परत फिरता येईल अशी त्या क्षणाची प्रत) घ्या आणि मग मुद्दाम मोडा. एका टर्मिनलमध्ये टेल लावून लॉग फाइल उघडी ठेवा, दुसऱ्यातून ती उडवा, आणि डीएफ-डीयूचा फरक स्वतः घडवून बघा. छोटीशी डिस्क बनवून तिचे आयनोड संपवा. फाइलच्या नावात रिकामी जागा टाका, नाव डॅशने सुरू करा, आणि ती आरएमने जाते का बघा. ईटीसीतल्या एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) एक चुकीची ओळ घालून रीबूट मारा आणि इमर्जन्सी शेलमधून बाहेर या. हे शेवटचं आधी करू नका, पण स्नॅपशॉट असेल तर टाळूही नका.